सरकार कशासाठी असतं?

(नाशिक येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते गुरुजी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. वीस मार्कांचा विषय. परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचं पुस्तक. त्या पुस्तकातला पहिला प्रश्नच मी आज घेऊन आलो आहे: सरकार कशासाठी असतं? आणि त्याला चिकटून येणारा दुसरा: माणसाला हक्क असतात, ते त्याला कोण देतं? सरकार देतं, की सरकार जन्माला येण्याआधीच ते त्याच्याकडे असतात?

हे प्रश्न लॉकचे, रूसोचे, अमेरिकेचे म्हणून आपल्याला शिकवले जातात. पण ते नाशिकमध्ये, गोदेच्या दोन्ही काठांवर, भर रस्त्यात विचारले गेले आहेत. मी त्याच वाटेनं जाणार आहे. तारखा थोड्या येतील, सांभाळून घ्या.

इथून नदीकडे उतरलं की देवमामलेदारांचं पटांगण लागतं. यशवंतराव महाराज भोसेकर. सटाण्याचे मामलेदार, म्हणजे इंग्रज सरकारचे नोकर. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना रयतेसाठी उघडला, ही कथा इथल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. सव्वा लाखाच्या आसपास रक्कम वाटली असं सांगतात. मग वरून चौकशी आली, साहेबानं तिजोरी उघडली, आणि रक्कम जशीच्या तशी निघाली! रयत म्हणाली, हा मामलेदार नव्हे, हा देव.

मी भाविकांच्या श्रद्धेला हात लावत नाही. पण कथेची घडण बघा. उपाशी रयतेच्या साऱ्यामधून जमलेला पैसा उपाशी रयतेला देणं, ही सरकारनं करायची साधी गोष्ट. ती एका अधिकाऱ्यानं केली तर तिचा अर्थ लावायला लोकांकडे एकच शब्द होता, चमत्कार. आणि गंमत अशी, की चमत्कारालासुद्धा हिशेब जुळवून द्यावा लागला. देवानं खजिना भरून दिला, कारण साहेबाच्या वहीत तूट चालणार नव्हती. खजिना कोणाचा, हा प्रश्न त्या कथेत कुणी विचारतच नाही. रयत हात जोडते. रयत मागत नाही.

ही पहिली पायरी. चांगलं सरकार म्हणजे दयाळू सरकार. हक्क नाही, कृपा.

त्याच काळात पुण्यात एक माणूस वेगळं बोलत होता. जोतीराव फुले. तरुणपणी त्यांनी टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं होतं. पेन हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा लेखक. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या गुलामांना मुक्त केलं म्हणून. पुण्यात बसून, मराठीत! पुढे पक्षाघातानं उजवा हात गेला तेव्हा डाव्या हातानं त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिलं. ते १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर, छापलं गेलं. त्यात युक्तिवाद असा आहे की निर्मिकानं सगळ्या स्त्रीपुरुषांना स्वतंत्र निर्माण केलं आहे, म्हणून हक्क कुणी कुणाला देत नाही. स्त्रीपुरुष म्हणतो मी, नुसते पुरुष नव्हे. फिलाडेल्फियाच्या १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला जे सुचलं नव्हतं ते जोतीरावांना सुचलं.

जोतीरावांना इंग्रज सरकारचा पुळका होता, असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचलेलं नसतं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा कुठे जातो, हा हिशेब त्या पुस्तकात मांडला आहे. मामलेदाराच्या कथेत जो प्रश्न विचारायचा राहिला होता, तोच हा.

आता १९१७.

आदल्या वर्षी, एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांनी होमरूल लीग काढली. तिच्या वर्धापनाची सभा मे १९१७ मध्ये आपल्या नाशकात भरली. टिळक तेव्हा साठ वर्षांचे. मंडालेतली सहा वर्षं अंगावर दिसत होती. त्या सभेत ते म्हणाले त्याचा आशय असा, की शरीर म्हातारं झालं असेल, पण स्वराज्याची जाणीव जागी आहे तोवर मी तरुण आहे, आणि ती जाणीव शस्त्रानं तुटत नाही, आगीनं जळत नाही. गीतेतला आत्मा त्यांनी सरळ राजकारणात आणून बसवला. आपण घोषणेतले दोनच शब्द पाठ केले, जन्मसिद्ध हक्क. पण त्यामागची मांडणी बघा. सरकारनं दिलेली गोष्ट सरकार काढून घेऊ शकतं. जन्मानं आलेली कशी काढणार?

टिळक नुसते घोषणेवर थांबणारे नव्हते, वकिली डोक्याचे होते. १९१६ च्या बेळगाव-नगरच्या व्याख्यानांत त्यांनी एक फरक केला. एक न दिसणारं सरकार आणि एक दिसणारं सरकार. ब्रह्म आणि माया म्हणा हवं तर. सम्राट वर कुठेतरी आहे, त्याच्याशी आमचं भांडण नाही. भांडण आहे मधल्या नोकरशाहीशी. देव बदला असं आम्ही म्हणत नाही, मधले पुजारी बदला म्हणतो. रयतेचं भलं करतो म्हणून पुजाऱ्याला दक्षिणा मिळते. भलं होत नसेल तर पुजारी कशाला?

हा दाखला लक्षात ठेवा. देऊळ, देव आणि मधला पुजारी. जवळपास चौदा वर्षांनी तो याच गावात अक्षरशः उभा राहणार आहे.

त्या व्याख्यानांबद्दल सरकारनं टिळकांना नोटीस दिली ती त्यांच्या साठाव्या वाढदिवशी. वर्षभर नीट वागेन असा वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात जीना उभे राहिले आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द झाला. म्हणजे सरकारवर टीका करणं हा राजद्रोह नव्हे, एवढं तरी कोर्टानं मान्य केलं.

पण सरकारनं काय मान्य केलं? नाशिकच्या सभेनंतर तीन महिन्यांनी, २० ऑगस्ट १९१७ ला, भारतमंत्री माँटेग्यूंची घोषणा आली. जबाबदार राज्यपद्धती देऊ, पण पायरीपायरीनं. कोणती पायरी, केव्हा, हे ठरवणार ब्रिटिश पार्लमेंट. १९१९ च्या कायद्याच्या प्रास्ताविकात हेच लिहून ठेवलं. दुष्काळातल्या मामलेदाराची कृपा आता घटनात्मक भाषेत बोलू लागली होती, एवढाच फरक. एकीकडे, माझं आहे. दुसरीकडे, लायक झालास की देईन. या दोघांत तडजोड कशी व्हावी?

जाता जाता एक सांगतो, कारण नाशकात बोलताना ते टाळलं तर तुम्ही मला सोडणार नाही. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सन, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे. एप्रिल १९१० मध्ये कान्हेरे, कर्वे, देशपांडे ठाण्याला फासावर गेले. त्यावर आपल्याकडे पुस्तकं आहेत, नाटकं आहेत, आणि वादही आहेत. माझ्या आजच्या मुद्द्यापुरतं इतकंच म्हणतो: अर्जाला उत्तर नाही आणि बोलायला बंदी, असं झालं की अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पिस्तूल उचलतो, आणि मग सरकार त्या पिस्तुलाकडे बोट दाखवून आणखी बंदी घालतं. यापलीकडे आज जात नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

२६ जानेवारी १९३०. देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली गेली. तिचा आशय असा, की स्वातंत्र्य हा लोकांचा अविभाज्य हक्क आहे, आणि जे सरकार तो हिरावून घेतं ते बदलण्याचा किंवा मोडण्याचाही लोकांना हक्क आहे. १७७६ च्या जाहीरनाम्याचा हा सूर ओळखू येतो. त्याला मी उसनवारी म्हणणार नाही. युक्तिवाद ज्याच्या कामाचा, त्याचा.

त्यानंतर बरोबर पस्तीस दिवसांनी, २ मार्च १९३० ला, नाशकात पंधरा हजारांच्या आसपास माणसं निघाली. दांडीला जायला गांधीजी १२ मार्चला निघणार होते, म्हणजे त्याच्याही दहा दिवस आधी. ही माणसं कलेक्टर कचेरीवर निघाली नव्हती. ती पंचवटीत काळारामाकडे निघाली होती. पुढे डॉ. आंबेडकर, आणि संघटनेचा सगळा भार ज्यांनी उचलला ते नाशिक जिल्ह्याचेच दादासाहेब गायकवाड. मैलभर लांब मिरवणूक. देवळाचे चारही दरवाजे बंद. मिरवणूक वळली ती गोदाघाटावर, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी दरवाजांवर बसली, एकशे पंचवीस पुरुष आणि पंचवीस स्त्रिया.

त्या पंचवीस बायकांचा मी पुष्कळ विचार करतो. १९३० साल. घरी पोरं, रोजचं काम बुडालेलं, समोर पोलीस, आणि दाराआड आपलेच म्हणवणारे लोक. प्रतिज्ञा कोणत्या भाषेत वाचली गेली, तिच्यात कोणाचे शब्द होते, त्यांना त्याच्याशी काय करायचं होतं? पण प्रतिज्ञेचा अर्थ त्यांना वाचणाऱ्यांपेक्षा जास्त कळला होता.

कारण युक्तिवाद तोच होता. जन्मानं आलेला हक्क. मधला पुजारी. फक्त या वेळी पुजारी खरोखर पुजारी होता.

बाबासाहेबांना देवदर्शनाची ओढ होती म्हणून हे केलं असं कुणी समजू नये. नुसतं देवळात गेल्यानं आमचे प्रश्न सुटणार नाहीत, हे त्यांनी तिथेच सांगितलं होतं. ही परीक्षा होती, माणसाला माणूस मानायची तयारी आहे का याची. आणि तिची तयारी महाडला झाली होती. २५ डिसेंबर १९२७. मनुस्मृती जाळली हे सगळ्यांना आठवतं. त्याच परिषदेत हक्कांचा एक जाहीरनामा मंजूर झाला, तो फार थोड्यांना आठवतो. बाबासाहेबांनी त्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी केली होती. जन्मतः सगळी माणसं समान आहेत, ही समानता शाबूत ठेवणं हेच राजकीय आणि सामाजिक व्यवस्थेचं अंतिम ध्येय, आणि कायदा कुणा एका वर्गाच्या हुकुमातून येत नाही, असा त्याचा गाभा. सरकार कशासाठी असतं, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर त्या दशकात मराठीत दुसरं कुणी दिलं असेल, तर मला ते माहीत नाही.

मग रामनवमी आली. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं. ठरलं, आणि मोडलं. रथ पळवला गेला, दगडफेक झाली, बाबासाहेबांनाही लागलं. देऊळ पुढे कित्येक महिने बंद राहिलं. सगळ्यांनाच बंद! आपल्याला दर्शन मिळालं नाही तरी चालेल, पण त्यांना मिळता कामा नये. माणूस दुसऱ्याचा हक्क नाकारण्यासाठी स्वतःचा किती सहज सोडतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि सरकार? सरकार काय करत होतं? सरकार तिथेच होतं. पोलीस होते, मॅजिस्ट्रेट होते. सत्याग्रहींना अटक करत होते, शिक्षा करत होते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं वचन होतं, आणि त्या वचनाचा व्यवहारातला अर्थ असा झाला की बंद दार म्हणजे शांतता आणि दारावर बसलेला माणूस म्हणजे शांतताभंग. जे सरकार स्वतःला सुधारणेचं सरकार म्हणवत होतं, त्याचा हेतू त्या दारापाशी उघडा पडला. जे आहे ते तसंच राहो, सारा वेळेवर येवो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत उभे राहिले. नाशिकचा सत्याग्रह चालूच होता. तिथे त्यांनी इंग्रजांना प्रश्न विचारले. तुम्ही येण्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आता येतं का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? दीडशे वर्षं राज्य करून काय बदललं? आणि निष्कर्ष काढला तो अस्पृश्यांचा कैवारी म्हणवणाऱ्या साम्राज्याला धक्का देणारा होता. असलं सरकार कुणाच्या कामाचं नाही. सामाजिक व्यवस्थेला हात घालायला न घाबरणारं सरकार हवं, आणि तसं सरकार लोकांचंच असू शकतं. म्हणजे टिळक ज्या मुक्कामाला पोचले होते तिथेच बाबासाहेब पोचले, पण दुसऱ्या दारानं. टिळक म्हणत होते, आमचं सरकार हवं कारण आम्ही माणसं आहोत. बाबासाहेब म्हणत होते, आमचं सरकार हवं कारण आम्हालाही माणसं मानलं गेलं पाहिजे, आणि हे सरकार ते करणार नाही.

माझं म्हणणं इथे एका वाक्यात सांगून टाकतो. निसर्गदत्त हक्काचा दावा परक्या सरकारपुरता करता येत नाही. तो एकदा उच्चारला की उच्चारणाऱ्यालाही बांधतो.

हे जगभर झालं आहे. १७७६ चा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनच्या शेतावर गुलाम राबत होते. फ्रान्सनं १७८९ मध्ये मानवी हक्क जाहीर केले, पण कॅरिबियनमधल्या त्याच्या साखरेच्या वसाहतीत लाखो गुलाम होते. पॅरिसचे शब्द तिकडे जायला वेळ लागला नाही. १७९१ मध्ये गुलाम उठले आणि १ जानेवारी १८०४ ला ती वसाहत हैती म्हणून स्वतंत्र झाली. पॅरिसनं तो हक्क त्यांच्यासाठी लिहिला नव्हता, त्यांनी तो आपल्यासाठी वाचला. आणि १९४५ मध्ये हनोईच्या चौकात हो ची मिन्हनी अमेरिकेचा जाहीरनामा फ्रेंचांच्या तोंडावर वाचला, तेव्हा तीच गोष्ट पुन्हा झाली.

आपल्याकडे पुढे काय झालं? काळारामाचा सत्याग्रह १९३४ च्या सुमारास थांबवला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यात येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. कायदा मात्र हळूहळू सरकत होता. १९३८ मध्ये, मुंबई प्रांतात लोकांनी निवडलेलं मंत्रिमंडळ असताना, मंदिरप्रवेशाचा पहिला कायदा आला. त्यात देवळाच्या विश्वस्तांना वाटलं तर ते दार उघडू शकत होते. वाटलं तर! १९४७ च्या कायद्यानं ते ‘वाटलं तर’ काढून टाकलं आणि प्रवेश हा हक्क ठरवला. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून उपोषणाला बसले होते. हेच साने गुरुजी १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहीत होते.

इथे गोष्ट संपवता आली असती. स्वराज्य आलं, राज्यघटना आली, अस्पृश्यता संपवणारं सतरावं कलम आलं, सगळं छान झालं. पण आपलं सरकार झालं की हक्क आपोआप सुरक्षित होतात का?

२८ एप्रिल १९७६. आणीबाणी. सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न होता: सरकारनं कुणाला बेकायदा उचललं तर त्यानं कोर्टात जावं की नाही? सरकारच्या ॲटर्नी जनरलना खंडपीठावरून विचारलं गेलं, पोलिसानं वैरापोटी कुणाला ठार मारलं तर? आणीबाणी असेपर्यंत दाद मागता येणार नाही, असं उत्तर आलं. पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलून धरली. त्या चारांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे हंसराज खन्ना म्हणाले, जगण्याचा हक्क राज्यघटनेनं दिलेला नाही, म्हणून राज्यघटना बाजूला ठेवली तरी तो जात नाही. खन्नांचं सरन्यायाधीशपद गेलं. एक्केचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायाधीशांच्या पीठानं १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवला. त्यातलं एक प्रमुख निकालपत्र लिहिलं धनंजय चंद्रचूडांनी. मुलानं बापाचा निकाल पुसला! वर्तमानपत्रांनी याची कौटुंबिक बातमी केली, आणि ते साहजिकच होतं. पण मोठी गोष्ट ही होती, की टिळकांनी १९१७ मध्ये जे परक्या सरकारला सांगितलं, ते २०१७ मध्ये आपल्या सरकारला पुन्हा सांगावं लागलं.

वेळ संपत आला, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं ते मी पाहिलं. एक शेवटचं.

६ मार्च २०१८ ला नाशकातून, सीबीएस बसस्थानकापासून, एक मोर्चा निघाला. तुमच्यातले कित्येक त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे असाल. किसान सभेचे लाल झेंडे. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी शेतकरी. कसारा घाट उतरून, १८० किलोमीटरच्या आसपास चालून ते मुंबईला पोचले. पावलं सोललेली. दहावीचे पेपर चालू होते, मुलांची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. मुंबईनं त्यांना पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. मन भरून आलं. पण ते चपला मागायला आले नव्हते.

त्यांच्या मागण्यांत एक मोठी मागणी वनजमिनीची होती. इंग्रजांच्या १८७८ च्या वनकायद्यानं पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींवर ही माणसं एका रात्रीत अतिक्रमणदार ठरली. स्वतंत्र भारतानं तो अन्याय ऐतिहासिक होता, असं कायद्यातच कबूल करायला २००६ साल उजाडलं. ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झालेला वनहक्क कायदा नवा हक्क देत नाही, आधीपासून असलेला मान्य करतो. त्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. दावा आधी ग्रामसभेत येतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरला जातो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. जोतीरावांनी हे वाचून मान डोलावली असती.

पण ग्रामसभेच्या पुढे उपविभागीय समिती आहे, तिच्यापुढे जिल्हा समिती आहे, आणि फाईल तिथे बसते. वर्षानुवर्षं बसते. मग कधीतरी मंडप पडतो, मंत्री येतात, पट्टे वाटतात, फोटो निघतात, आणि ज्याची जमीन त्याची होती तो माणूस स्टेजवर वाकून नमस्कार करतो.

२०१८ ला सरकारनं लेखी आश्वासन दिलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला, विल्होळीजवळ पुन्हा आश्वासन मिळालं. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा निघाला, दिंडोरीतून, आणि या वेळी वाशिंदपर्यंत गेला. मागण्यांच्या कागदावर वनजमिनी तेव्हाही होत्या. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर जाऊन विचारा, तिथे सरकार कशासाठी असतं हा प्रश्न वीस मार्कांचा नाही.

मी थांबतो. प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या परवानगीनं घेईन.